विंडोज उडाली? फॉरमॅट मारण्याआधी

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

पावसाळा सरला की या सदराच्या टपालात एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: कॉम्प्युटर चालू होतो, कंपनीचे चिन्ह दिसते, पण विंडोज काही येत नाही. बहुतेक पत्रांत पुढचे वाक्यही सारखेच असते, ‘फॉरमॅट मारावा लागेल म्हणाले.’ फॉरमॅट हा उपाय आहे, पण अगदी शेवटचा. आधी डेटा बाहेर काढायचा, मग विंडोज कशाने बिघडली ते शोधायचे आणि त्यानंतरच दुरुस्तीला हात घालायचा. हा क्रम उलटा झाला की माणसे वर्षांचे काम गमावतात, आणि पंधरा दिवसांत तोच बिघाड परतही येतो.

एक सूचना. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायच्या. जिथे शब्दांमध्ये जागा दिसते तिथे स्पेसबार दाबायचा.

प्रश्न : आमची कलमांची बाग आहे. पेट्या, मजुरी, दलालांकडचे येणे, सगळा हिशेब घरच्या डेस्कटॉपवर टॅलीत आहे. विंडोज ११ आहे. अपडेट चालू असताना लाईट गेली. आता ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ असे येते, थोडा वेळ गोल फिरते आणि ‘कॉम्प्युटर दुरुस्त करता आला नाही’ असा निळा पडदा येतो. पुन्हा चालू केले की पुन्हा तेच. गावातला मुलगा फॉरमॅट मारू म्हणतो. सहा वर्षांचा हिशेब आत आहे. – एक बागायतदार, देवगड

उत्तर : फॉरमॅट मारू देऊ नका. तुमचा हिशेब बहुधा जागच्या जागी आहे. अपडेट होताना विंडोज स्वतःच्या फायली बदलते, टॅलीच्या डेटाला हात लावत नाही. लाईट गेली तेव्हा त्यातल्या काही फायली नव्या झाल्या होत्या, काही जुन्याच राहिल्या होत्या, आणि आता त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नाही. विंडोज डिस्कवर एनटीएफएस पद्धतीने लिहिते. कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवही ही पद्धत नीट राखते, म्हणून लाईट गेल्याने सगळी डिस्क कोरी होत नाही. पण एखाद्या फाइलच्या आतला मजकूर पुरता लिहून झाला होता का, याची हमी ती नोंदवही देत नाही. तुमच्याकडे नेमके हेच झालेले दिसते.

पहिले काम डेटा काढण्याचे. कॉम्प्युटर बंद असतानाच मोठा पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लावा. निळ्या पडद्यावर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘ट्रबलशूट’, पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि ‘कमांड प्रॉम्प्ट’. (पडदा आपोआप येत नसेल तर विंडोजचे चिन्ह दिसताच पॉवरचे बटण दाबून धरून बंद करा. असे लागोपाठ दोन-तीनदा केले की तो येतो.) काळ्या खिडकीत ‘नोटपॅड’ टाइप करून एंटर दाबा. नोटपॅडमध्ये ‘फाइल’, मग ‘ओपन’. खालच्या कोपऱ्यात ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’ लिहिलेले असेल तिथे ‘ऑल फाइल्स’ निवडा. आता ही ओपनची खिडकी फोल्डर पाहायला आणि कॉपी करायला चालते: फोल्डरवर उजवी क्लिक, कॉपी, पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट.

इथे दोन गोष्टींनी माणसे घाबरतात. एक, ड्राइव्हची अक्षरे बदललेली असतात. तुमचा सी इथे डी किंवा ई म्हणून दिसू शकतो, आणि एक्स हा दुरुस्तीच्या साधनाचा स्वतःचा तात्पुरता ड्राइव्ह असतो. ज्या ड्राइव्हवर ‘विंडोज’, ‘युझर्स’ आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ अशी तिन्ही फोल्डर एकत्र दिसतील तो तुमचा. दुसरी गोष्ट, पेस्ट केल्यावर हिरवी पट्टी वगैरे काही दिसत नाही. खिडकी गोठल्यासारखी होते. ती गोठलेली नसते, कॉपी चाललेली असते. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावू नका.

टॅलीप्राइमचा डेटा सहसा ‘युझर्स’, ‘पब्लिक’, ‘टॅलीप्राइम’, ‘डेटा’ या वाटेवर असतो, जुन्या ईआरपी ९ चा टॅलीच्याच फोल्डरमध्ये. आत १०००० सारख्या आकडी नावाची फोल्डर दिसतील. एक फोल्डर म्हणजे एक कंपनी. अख्खे ‘डेटा’ फोल्डर उचला. सोबत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्सही घ्या. मग तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून टॅलीत कंपनी उघडून बघा. कॉपी झाली एवढे पुरत नाही, ती उघडली पाहिजे.

यानंतर दुरुस्ती, याच क्रमाने. प्रत्येक पायरीनंतर एकदा रीस्टार्ट करून बघायचे.

त्याच ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आहे. त्यातले ‘क्वालिटी अपडेट’ काढा. अर्धवट अपडेटने अडलेल्या निम्म्याअधिक मशीन इथेच उठतात असा आमचा अनुभव आहे. नाही उठले तर कमांड प्रॉम्प्टवर ‘डिझ्म /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स’. अर्धी राहिलेली कामे ही कमांड मागे घेते. ‘डिझ्म’ची इंग्रजी अक्षरे चारच: डी, आय, एस, एम. सीच्या जागी तुम्हाला सापडलेले खरे अक्षर घाला. पुढच्या सगळ्या कमांडनाही हेच लागू. तिसरी, ‘सीएचकेडीएसके सी: /एफ’, ही डिस्कवरची नोंदवही जुळवते. चौथी, ‘एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=सी:\ /ऑफविनडिर=सी:\विंडोज’. नुसते ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ इथे चालत नाही, कारण विंडोज बंद आहे आणि ती कुठे आहे हे सांगावे लागते. हिला अर्धा तासही लागतो.

एवढ्यानेही नाही झाले तर ‘रीसेट धिस पीसी’ आणि त्यात ‘कीप माय फाइल्स’. तुमच्या फायली राहतात, बसवलेले प्रोग्राम सगळे जातात. टॅली पुन्हा बसवावे लागेल, तेव्हा सीरियल नंबर आणि नोंदणीचा ईमेल आधी शोधून ठेवा.

एक गोष्ट करू नका. जुन्या लेखांत ‘रेगबॅक’ फोल्डरमधल्या फायली ‘कॉन्फिग’मध्ये टाका असा उपाय सापडतो. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून विंडोजने तिथे प्रत ठेवणे बंद केले आहे. फायली दिसतात, पण त्यांचा आकार शून्य असतो. त्या खऱ्या रजिस्ट्रीवर (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदींवर) टाकल्या की सुधारण्याजोगा बिघाड न सुधारण्याजोगा होतो. आकार बघितल्याशिवाय तिथले काहीही कॉपी करू नका.

प्रश्न : काळ्या पडद्यावर ‘०एक्ससी००००००एफ’ असा कोड येतो. सगळीकडे ‘बूटरेक /फिक्सबूट’ करा असे सांगतात. केले तर ‘ॲक्सेस इज डिनाइड’. – एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : या कोडचा अर्थ असा की विंडोज कदाचित धडधाकट आहे, पण तिच्याकडे नेणारी बूटची नोंद सापडत नाही. ‘फिक्सबूट’ जुन्या पद्धतीच्या मशीनसाठी होते, यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) असलेल्या मशीनवर ते बहुतेक वेळा असेच नकार देते. त्यामागे लागू नका, बूटच्या फायली नव्याने लिहा.

कमांड प्रॉम्प्टवर ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’. यादीत फॅट३२ लिहिलेला, साधारण १०० एमबीचा छोटा भाग शोधा. त्याचा क्रमांक समजा ३, तर ‘सिलेक्ट व्हॉल्यूम ३’, ‘असाइन लेटर=एस’, ‘एक्झिट’. मग ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’. यात पहिला ‘/एस’ कमांडचा आहे, दुसरा ‘एस:’ आपण दिलेले अक्षर. फायली यशस्वीपणे तयार झाल्याची ओळ आली की रीस्टार्ट. छोटा भाग यादीत दिसतच नसेल तर तिथेच थांबा आणि डिस्क तपासा. पेनड्राइव्हही फॅट३२ म्हणून दिसतो, तो आधी काढून ठेवा. आणि डिस्कपार्टमध्ये असताना ‘क्लीन’ हा शब्द चुकूनही टाइप करू नका. तो खात्री न विचारता निवडलेल्या डिस्कची सगळी मांडणी पुसतो.

प्रश्न : आमचा होमस्टे आहे. ऑफिसातला डेस्कटॉप जूनपासून बंद होता. सीझन सुरू झाला म्हणून चालू केला तर तारीख कित्येक वर्षांपूर्वीची, आणि निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. नवीन विंडोज टाकावी का? – एक वाचिका, मालवण

उत्तर : ताई, विंडोज टाकू नका. तुमचा बिघाड मदरबोर्डवरच्या रुपयाएवढ्या सेलमध्ये दिसतो आहे. जुनी तारीख हीच त्याची खूण.

सीआर२०३२ नावाचा हा ३ व्होल्टचा सेल मशीन बंद असतानाही घड्याळ चालू ठेवतो, आणि बऱ्याच मदरबोर्डवर बायोसची (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची) सेटिंग्जही त्याच्याच जिवावर टिकतात. मशीन रोज चालते तेव्हा वीज स्विचबोर्डावरून येते. चार महिने प्लग काढून ठेवले की सगळा भार सेलवर. सेल संपला, बायोस कारखान्यातून आला तसा झाला. डिस्कशी बोलण्याची पद्धत (साटा मोड) त्यात बदलली गेली, आणि विंडोज ज्या पद्धतीने बसवली होती त्या पद्धतीने तिला डिस्क सापडेना.

प्लग काढा. पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट जाईल. बाजूचे झाकण उघडा. सेल एका खाचेत बसलेला असतो. कडेची छोटी पट्टी नखाने बाजूला केली की तो वर उडी मारतो. खालचा पत्रा नीट बघा. खाऱ्या हवेत तिथे पांढरट किंवा हिरवट थर धरतो. तसा असेल तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा आणि पुरते वाळू द्या. जुना सेल मल्टिमीटरवर २.७ व्होल्टच्या खाली दिसला तर तो गेलाच समजा. नवा बसवताना अधिकची, अक्षरे कोरलेली बाजू वर. सेलच्या कडा धरा, तोंडावर बोटे लावू नका.

मग चालू करताना ‘डिलीट’ किंवा ‘एफ२’ (एचपीत ‘एफ१०’) दाबत राहून बायोसमध्ये जा. तारीख-वेळ घाला. ‘साटा मोड’ शोधा. एएचसीआय नसेल तर एएचसीआय करा, एएचसीआयच असेल आणि तरी चालत नसेल तर दुसरा पर्याय करून बघा. नुसता हा पर्याय बदलल्याने डेटा जात नाही. नको ते लागले तर विंडोज फक्त सुरू होत नाही, परत बदलायचे. मात्र रेड ॲरे (अनेक डिस्कची एकत्र जोडणी) नव्याने तयार करायला विचारले तर ‘नाही’ म्हणा. ‘बूट मोड’मध्ये यूईएफआय आणि लेगसी (जुनी पद्धत) असे दोन दिसतील. गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक मशीनवर यूईएफआयच असते.

तारीख दुरुस्त झाली की आणखी एक त्रास आपोआप जाईल: चुकीच्या तारखेमुळे बँकेच्या आणि बुकिंगच्या साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत.

प्रश्न : ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ केले की ‘बिघडलेल्या फायली दुरुस्त केल्या’ असे येते. आठ दिवसांत परत निळा पडदा. दर वेळी वेगळा कोड. विंडोज दोनदा नव्याने टाकून झाली. – एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : दोनदा टाकूनही पुन्हा बिघडते आणि कोड दर वेळी वेगळा असतो, याचा अर्थ दोष विंडोजचा नाही. सॉफ्टवेअरचा बिघाड पुष्कळदा एकाच ठिकाणी आणि एकाच कोडने होतो. असा भरकटणारा बिघाड बहुतेकदा रॅमचा, केबलचा किंवा पॉवर सप्लायचा. रॅममध्ये एक बिट उलटे झाले की विंडोज तोच चुकीचा मजकूर डिस्कवर लिहून ठेवते. म्हणजे तुम्ही फायली दुरुस्त करता आणि रॅम त्या पुन्हा बिघडवते.

किनाऱ्यावर याचे एक खास कारण आहे. रॅमच्या कडेला सोनेरी रंगाच्या बारीक पट्ट्या असतात. त्यांच्यावरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. दमट खारी हवा त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालच्या धातूपर्यंत पोहोचते आणि पट्टी मंद, डागाळलेली दिसू लागते. संपर्क तुटत नाही, पण कच्चा होतो. मशीन गरम झाले, पट्टी केसभर सरकली, की चूक होते. म्हणूनच ते आठ दिवस बरे चालते.

रॅम काढा (दोन्ही टोकांच्या कड्या बाहेर दाबल्या की ती उचलते), पांढऱ्या मऊ खोडरबराने पट्ट्यांवरून एकाच दिशेने हलके घासा. चुरा खाचेत पडू नये म्हणून मशीनपासून दूर घासा. मग अल्कोहोलने पुसून वाळवा. खाच मऊ कोरड्या ब्रशने झाडा. बसवताना ‘टक’ असा आवाज दोन्ही टोकांना आला पाहिजे. नंतर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा, किमान चार फेऱ्या. विंडोजची स्वतःची ‘एमडीशेड’ चाचणी पटकन होते, पण तिच्यातून सुटलेली रॅम मेमटेस्टमध्ये सापडते. एकही लाल ओळ आली तर ती रॅम बाद. एकच चूक आहे म्हणून ठेवून देऊ नका. दोन रॅम असतील तर एकेक लावून तपासा. दोन्ही एकाच खाचेत चुकत असतील तर दोष खाचेचा.

रॅम शुद्ध निघाली तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन उघडा आणि ‘सी७’ या ओळीवर (डिस्क आणि मदरबोर्डमधल्या देवाणघेवाणीत झालेल्या चुकांचा आकडा) नजर ठेवा. तो आकडा रोज वाढत असेल तर साटा केबल बदला. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती ती. पॉवर सप्लायचा पिवळा वायर मल्टिमीटरवर ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये आणि लाल ४.७५ ते ५.२५ मध्ये हवा, तोही मशीन कामात असताना. पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट राहतो.

या सगळ्यानंतर, आणि तेव्हाच, विंडोज दुरुस्त करा: आधी ‘डिझ्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’, मग ‘एसएफसी /स्कॅननाऊ’. क्रम हाच. एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फायली उचलते, तो साठाच आधी डिझ्म दुरुस्त करते. डिझ्मला इंटरनेट लागते, आणि ती ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ थांबल्यासारखी वाटते. थांबू द्या.

प्रश्न : हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येतो. विंडोज फार हळू सुरू होते, कधी होतच नाही. ‘सीएचकेडीएसके /आर’ रात्रभर लावू का? शाळेचे सगळे निकाल आत आहेत. – एक शिक्षक, दापोली

उत्तर : नाही सर, कृपया लावू नका. ‘/आर’ डिस्कचा प्रत्येक कोपरा पुन्हा पुन्हा वाचते. मरणाऱ्या डिस्ककडे वाचण्याची जी थोडी ताकद उरली आहे, ती रिकाम्या जागा वाचण्यात खर्च होईल आणि निकालांची पाळी यायच्या आत डिस्क बंद पडेल.

आत्ताच बंद करा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) पेनड्राइव्हवर तयार करा आणि तुमचे मशीन त्यावरून चालवा (इन्स्टॉल करायचे नाही, नुसते चालवायचे). निकालांचे फोल्डर सगळ्यात आधी काढा, फोटो नंतर. विंडोजचा भाग फक्त वाचण्यापुरता उघडला तर ठीकच आहे, आपल्याला लिहायचे नाहीच. एखाद्या फाइलवर अडले तर ती सोडून पुढे जा. सगळीच डिस्क उचलायची असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ वापरा: ते आधी सोपे भाग काढते आणि खराब जागांकडे शेवटी वळते. त्यासाठी तेवढीच किंवा मोठी दुसरी डिस्क लागते. टक-टक वाढली, डिस्क दिसेनाशी झाली, तर पुढे काही करू नका. डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या, आणि आधी कुणाला ती उघडून पाहू देऊ नका.

आवाज न करणाऱ्या डिस्कवरही क्रिस्टलडिस्कइन्फोत ‘०५’, ‘सी५’, ‘सी६’ या तीन ओळी शून्य आहेत का ते वर्षातून दोनदा बघत जा. ‘सी५’ शून्याच्या वर गेले म्हणजे डिस्कने काही जागा वाचता येत नाहीत असे कबूल केले आहे.

प्रश्न : बायोस अपडेटनंतर लॅपटॉप ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ मागतो. आम्ही कधी कुठलीच की लावली नव्हती. – एक वाचिका, गुहागर

उत्तर : ती विंडोजनेच लावली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या पुष्कळ नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात साठवली जाते. बायोस बदलला की लॅपटॉपला वाटते कुणी परके हात घालते आहे, म्हणून तो विचारतो. फोनवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, ‘डिव्हायसेस’मध्ये तुमचा लॅपटॉप निवडा आणि रिकव्हरी की पाहा. पडद्यावर ‘की आयडी’ची जी आठ अक्षरे आहेत ती जुळणारीच की घाला. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात.

लॅपटॉप सुरू करताना मुलाचे किंवा भाच्याचे खाते वापरले होते का ते आठवा. किल्ली मग त्यांच्याकडे असते. किल्ली सापडलीच नाही तर कुठलेही दुकान हा डेटा काढू शकत नाही, कुणी पैसे घेऊन काढतो म्हणाला तरी देऊ नका. सापडली तर आजच वहीत उतरवून कपाटात ठेवा.

प्रश्न : विंडोज नव्याने टाकल्यावर जुनी मराठी पत्रे उघडली तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसतो. फायली खराब झाल्या का? – एक निवृत्त ग्रामसेवक, राजापूर

उत्तर : नाही काका, फायली जशाच्या तशा आहेत, फक्त फॉन्ट गेला आहे. युनिकोड येण्याआधीच्या श्री-लिपी, आयएसएमसारख्या पद्धतींत फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. ‘रीसेट’ केले असेल तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज.ओल्ड’ आहे का ते आजच बघा, विंडोज ते साधारण दहा दिवसांत स्वतःच पुसते. त्याच्या आतल्या ‘विंडोज’, ‘फॉन्ट्स’मधून तो फॉन्ट उचला, उजवी क्लिक करून ‘इन्स्टॉल’. नंतर सवडीने पत्रे युनिकोडमध्ये बदलून घ्या.

प्रश्न : विंडोजचा पेनड्राइव्ह दुकानातून आणावा की घरी करावा? – एक वाचक, कणकवली

उत्तर : घरी. किमान ८ जीबीचा, ज्यातले सगळे पुसले तरी चालेल असा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचे मोफत ‘मीडिया क्रिएशन टूल’. सुमारे ५ जीबी डाउनलोड होते, तेव्हा रेंज चांगली असेल तिथे बसून करा. ‘ॲक्टिव्हेट करून देतो’ म्हणून हातोहात फिरणाऱ्या पेनड्राइव्हवरच्या विंडोजमध्ये काय काय घातलेले असते ते कुणालाच माहीत नसते. त्यावरून नेटबँकिंग करू नये. मशीनसोबत खरी विंडोज आली असेल तर तिचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. इन्स्टॉल करताना ‘प्रॉडक्ट की नाही’ निवडा आणि आधीचीच आवृत्ती, होम असेल तर होम, घ्या. इंटरनेट लागले की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. पेनड्राइव्हवरून सुरू करायचे बटण डेल, लेनोव्हो, एसरवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९. डिस्क निवडायच्या पडद्यापूर्वी बाकीच्या सगळ्या डिस्क काढून ठेवा, चुकीची डिस्क पुसली जाते ती तिथेच.

प्रश्न : मशीन जुने, ४ जीबी रॅम, विंडोज १० बिघडली आहे. दुरुस्त करण्यात अर्थ आहे का? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली तर ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यात बसत नसेल तर एसएसडी घालून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका. पत्रे, ब्राउझर, व्हिडिओ, मराठी टायपिंग सगळे चालते. टॅलीवर धंदा असेल तर मात्र मशीन बदला.

प्रश्न : हे सगळे लाईट जाण्यामुळे होते तर यूपीएस किती मोठा घ्यावा? – एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : एका साध्या डेस्कटॉपला ६०० व्हीएचा पुरतो. दहा-पंधरा मिनिटे मिळतात, आणि ती काम पुढे रेटण्यासाठी नाहीत, नीट बंद करण्यासाठी आहेत. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, तो एका झटक्यात यूपीएस बंद पाडतो. आतली १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची बॅटरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षेच टिकते. म्हणून तीन महिन्यांतून एकदा सगळे सेव्ह करून भिंतीवरचा स्विच बंद करा आणि मिनिटे मोजा. पाचाच्या खाली आली तर नुसती बॅटरी बदला. यूपीएसला यूएसबी केबल असेल तर ती कॉम्प्युटरला जोडा, मग घरी कुणी नसतानाही विंडोज वेळेत स्वतः बंद होईल.

अर्थिंगही तपासून घ्या. जांभ्यात पाणी ठरत नाही, मार्च-एप्रिलमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थ नावापुरता उरतो. त्या महिन्यांत खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी घाला. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर राउटरकडून येणारी लॅनची वायरही काढा, वीज तिच्यातूनही मदरबोर्डपर्यंत येते. पावसाळ्यात मशीन वापरात नसले तरी आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा. आतल्या उष्णतेने ओल निघून जाते.